तेरा फुटांची भिंत आणि प्राध्यापकाची शंका

संगणकाच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारे जीन स्पॅफर्ड नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक आहेत. पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. त्यांचे एक म्हणणे १९८९ पासून संगणकवाल्या मंडळीत विनोद म्हणून सांगितले जाते. त्याचा आशय असा : खरोखर सुरक्षित संगणक एकच. जो बंद करून ठेवला आहे, काँक्रिटमध्ये गाडला आहे, शिशाचा पत्रा मारलेल्या खोलीत कोंडला आहे आणि ज्याच्या दाराशी बंदूकधारी पहारेकरी उभे आहेत तो. आणि एवढे सगळे करूनही, प्राध्यापक म्हणतात, मला शंका आहेच!

आपल्या देशाच्या सरकारने हा विनोद फारच मनावर घेतलेला दिसतो. मार्च २०१८ मध्ये आधारचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे चालू होता. देशाचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी न्यायालयाला सांगितले की, आधारची माहिती तेरा फूट उंच आणि पाच फूट जाड भिंतीआड सुरक्षित आहे. पुढे आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी भर न्यायालयात पडद्यावर चित्रे दाखवून समजावले की, या माहितीचे कुलूप फोडायला विश्वाच्या वयाइतका काळ लागेल. भिंत झाली, कुलूप झाले, पहारेकरीही असणारच. अमेरिकन प्राध्यापकाच्या विनोदातले सगळे सामान सरकारने जमवले. फक्त शेवटचे वाक्य तेवढे गाळले. 'मला शंका आहेच' हे वाक्य!

भिंतीवर चढायला चोराला शिडी लागते. परंतु माहितीचा चोर भिंतीकडे फिरकतच नाही. तो दारातून येतो आणि बहुतेक वेळा दारवानच त्याला 'या, बसा' म्हणतो. न्यायालयात भिंतीचे वर्णन होण्याच्या अडीच महिने आधी, जानेवारी २०१८ मध्ये, चंदीगडच्या 'द ट्रिब्यून' या दैनिकाने बातमी दिली होती. त्यांच्या वार्ताहराने ५०० रुपये मोजले आणि दहा मिनिटांत तिला अशी चावी मिळाली की, कोणाचाही आधार क्रमांक टाका, नाव, पत्ता, फोटो, फोन नंबर समोर हजर. आणखी ३०० रुपये दिले तर कार्ड छापण्याची सोय! प्राधिकरणाने खुलासा केला की, बोटांचे ठसे आणि डोळ्यांची माहिती सुरक्षित आहे. आणि पोलिसांत तक्रार दिली. गुन्हा दाखल झाला, त्यात बातमी देणाऱ्या वार्ताहराचेही नाव. घराचे दार उघडे आहे म्हणून ओरडणाऱ्या शेजाऱ्यालाच चौकीत नेण्याची ही रीत आपल्या लोकांना नवीन नाही.

त्याच्याही आधी, मार्च २०१७ मध्ये, क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी याच्या आधार अर्जाचे तपशील ट्विटरवर झळकले. हे कोणा हॅकरचे काम नव्हते. धोनी आपल्याकडे आला, अंगठा दिला, याचा आनंद सेवा केंद्राच्या मंडळींना आवरला नाही, एवढेच! त्याच्या पत्नीने तक्रार केल्यावर नोंदणी करणाऱ्या संस्थेवर दहा वर्षांची बंदी आली. मग जुलै २०१८ मध्ये 'ट्राय'चे तत्कालीन अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर टाकून जगाला आव्हान दिले : करा माझे काय नुकसान करायचे ते! काही तासांत लोकांनी त्यांचा फोन नंबर, पत्ता आणि बरेच काही जाहीर केले. एकाने तर त्यांच्या खात्यात एक रुपया जमा करून दाखवला. प्राधिकरण म्हणाले, ही माहिती आमच्या भांडारातून गेलेली नाही. आणि लगेच जनतेला सल्ला दिला की, कृपया कोणी आपला आधार क्रमांक असा जाहीर करू नये!

केवळ आधारचीच ही कथा नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये तमिळनाडूच्या कुडनकुलम अणुवीज केंद्राबद्दल चर्चा सुरू झाली की, तिथल्या संगणकात घातक प्रोग्राम शिरला आहे. २९ ऑक्टोबरला केंद्राने पत्रक काढले : आमच्या नियंत्रण यंत्रणेवर असा हल्ला होणे शक्यच नाही. ३० ऑक्टोबरला अणुऊर्जा महामंडळाने दुसरे पत्रक काढले : प्रोग्राम सापडल्याची माहिती बरोबर आहे, मात्र तो प्रशासकीय कामाच्या संगणकात होता, अणुभट्टीच्या यंत्रणेत नव्हता. खुलासा खराही असेल. पण 'शक्यच नाही' ते 'बरोबर आहे' हा प्रवास एका रात्रीत झाला, हे विसरता येत नाही.

परदेशातही शहाणपण ओसंडून वाहते आहे असे नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १९ ऑक्टोबर २०२५ रोजी भरदिवसा राजघराण्याचे दागिने चोरीला गेले. त्यानंतर फ्रेंच वृत्तपत्रांनी जुने तपासणी अहवाल बाहेर काढले, तेव्हा छापून आले की, २०१४ साली तिथल्या कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड होता 'लूव्र'! चोर मात्र मालवाहू शिडी लावून खिडकीतून आत गेले. एवढा सोपा पासवर्ड ठेवला, त्याचीही त्यांना गरज पडली नाही.

आता पॅरिसहून आपल्या तालुक्याच्या गावी येऊ. तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचे दुकान असते. तिथला संगणक ज्यांनी पाहिला नाही असा आपल्यातला वाचक विरळा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला येणारी पोरे आपले आधार, जातीचा दाखला, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक त्या दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तो ते संगणकावर उतरवतो, प्रिंट काढतो आणि पाच रुपये घेतो. कागद पोराच्या हातात जातो आणि फाइल संगणकावर राहते. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'न्यू फोल्डर ३' असे करीत अख्ख्या तालुक्याच्या जाती, उत्पन्न आणि अंगठे त्या पडद्यावर उघडे पडलेले असतात. फोनवर येणारा ओटीपी पोरगाच मोठ्याने वाचून दाखवतो आणि रांगेतले दहा जण तो ऐकतात. दुकानदार बिचारा चोर नसतो, उलट अडलेल्याला मदतच करतो. परंतु तेरा फुटांच्या भिंतीआडचा हा सारा ऐवज रस्त्यावरच्या टेबलावर मांडलेला असतो, हे खरे आहे.

असे का होते? संगणक शास्त्रज्ञ मूर्ख आहेत म्हणून नव्हे. कारण साधे आहे. माहिती उपयोगी पडायची तर ती कोणीतरी उघडली पाहिजे आणि जो जो ती उघडू शकतो तो तो एक दरवाजा असतो. संगणकाच्या प्रोग्राममध्ये लाखो ओळी असतात, त्या माणसांनी लिहिलेल्या असतात आणि माणूस चुकतो. पहारेकऱ्याला हजार खिडक्या सांभाळायच्या असतात, चोराला एकच उघडी सापडली तरी पुरते. इराणमध्ये नतांझ येथे अणुइंधनाचा कारखाना आहे. तिथली यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. तरीही 'स्टक्सनेट' नावाचा प्रोग्राम आत पोचला आणि त्याने यंत्रे बिघडवली. २०१० साली हे जगाला कळले. तो बाहेरून पेन ड्राइव्हमधून आत गेला, असे जाणकार मानतात. म्हणजे भिंत कितीही उंच असो, कोणाच्या तरी खिशातून वाट निघतेच.

इथपर्यंत हसण्यासारखे आहे आणि हसावेही. संपूर्ण सुरक्षित संगणक जगात नाही, असे संगणकाचे जाणकारच सांगतात. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. माझी तक्रार अशी आहे की, हे सत्य आपल्या देशात माणूस पाहून लागू केले जाते. मोठ्यांच्या हातून माहिती फुटली की ते खांदे उडवून म्हणतात, 'कोणतीही यंत्रणा शंभर टक्के निर्दोष नसते.' आणि गरिबाने यंत्रावर शंका घेतली की त्याला सांगितले जाते, 'मशीन चुकत नाही.' यंत्र एकच. बलवानासाठी ते चुकणारे आणि दुबळ्यासाठी न चुकणारे!

रेशन दुकानात हे रोज घडते. माझ्याकडे एक म्हातारी आली होती. जन्मभर वीटभट्टीवर राबली, बोटांच्या रेषा पुसून गेल्या. दुकानातले यंत्र तिचा अंगठा घेईना. मला म्हणाली, "भाऊ, ते मशीन म्हणतंय मी मी न्हाई. मग मी कोन?" कायद्याची पदवी घेऊन बसलेल्या माझ्याजवळ त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. विश्वाच्या वयाइतके टिकणारे कुलूप ज्या सादरीकरणात दाखवले गेले, त्याच सादरीकरणात हेही सांगितले गेले होते की, सरकारी सेवांमध्ये ओळख जुळण्याचे प्रमाण ८८ टक्के आहे. उरलेले १२ टक्के म्हणजे काय? ती ही म्हातारी. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये एक ११ वर्षांची मुलगी मरण पावली. तिच्या घरचे रेशन कार्ड आधारशी न जोडल्यामुळे रद्द झाले होते. प्रशासन म्हणाले मलेरिया, आई म्हणाली भूक. यंत्राच्या नोंदीत मात्र ते घरच नव्हते.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवला की न्यायालयेही कशी फसतात, याचे उदाहरण प्रत्येक वकिलाने वाचावे असे आहे. ते इंग्लंडचे आहे. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक यंत्रणा आणली. ती फुजित्सू कंपनीची. गावोगावची पोस्ट कार्यालये चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात अचानक तूट दिसू लागली. ते सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत, यंत्र चुकते आहे. खाते म्हणाले, यंत्र चुकत नाही. तुमच्या खात्यात बाहेरून कोणी हात घालूच शकत नाही. तिथे कायद्याचे गृहीतकच असे होते की, उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर चालतो असे मानावे. ९०० हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. भारतीय वंशाची एक गरोदर स्त्री २०१० साली तुरुंगात गेली. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला : यंत्रणेत दोष होते आणि कंपनीची माणसे बाहेरून हिशेबात हात घालू शकत होती. न्यायमूर्ती म्हणाले की, खात्याची भूमिका म्हणजे या शतकात पृथ्वी सपाट आहे असे म्हणण्यासारखी आहे. २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. तोवर किती संसार मोडले आणि कितींनी जीव दिला!

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आता घराजवळ पाहू. ३१ डिसेंबर २०१७ ची पुण्यातील एल्गार परिषद आणि १ जानेवारी २०१८ चा भीमा कोरेगावचा हल्ला कोणाही वाचकाला सांगण्याची गरज नाही. त्यानंतर जे कार्यकर्ते, कवी, वकील, प्राध्यापक पकडले गेले, त्यांच्याविरुद्धच्या पुराव्याचा मोठा भाग कोठे सापडला? संगणकात. पत्रे सापडली, फाइली सापडल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेचा अहवाल आला. बचाव पक्षाच्या वतीने त्यांनी रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत तपासली होती. अहवाल म्हणतो की, तो संगणक २२ महिने कोणा अज्ञाताच्या ताब्यात होता, 'नेटवायर' नावाचा प्रोग्राम ईमेलमधून त्यात शिरला होता आणि त्या वाटेने पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली गेली. पुढच्या अहवालांत सुरेंद्र गडलिंग आणि स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबद्दलही तेच निष्कर्ष आले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे मान्य केलेले नाही. कोणते म्हणणे खरे, हे साक्षीपुराव्यावर न्यायालयाने ठरवायचे आहे. वकील म्हणून मी ही मर्यादा पाळतो.

पण ठरेपर्यंत काय झाले ते पाहा. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच रुग्णालयात वारले. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, हजर व्हावे लागले आणि मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या जामिनावर ते नोव्हेंबर २०२२ मध्ये बाहेर आले. सुधीर ढवळे आणि रोना विल्सन यांना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षे झाली तरी आरोपसुद्धा निश्चित झाले नव्हते! अणुकेंद्राच्या संगणकात घातक प्रोग्राम सापडला तर ती बाहेरच्याची घुसखोरी. कार्यकर्त्याच्या संगणकात सापडला तर त्या घुसखोराने मागे काय ठेवले, याची जबाबदारी कार्यकर्त्याची! हा कोणता न्याय?

इथे कायद्याचा एक मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. संगणकातील पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब होते. २०२० साली जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल तर त्या कलमाचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ आले. त्यात प्रमाणपत्राबरोबर फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. चांगली सुधारणा आहे. परंतु हॅश काय सांगतो आणि काय सांगत नाही? पोलिसांनी घरातून पिशवी जप्त केली आणि तिला सील लावले. सील शाबूत आहे म्हणजे नंतर कोणी पिशवीला हात लावला नाही. पण ती पिशवी त्या घरात कोणी आणून ठेवली, हे सील सांगू शकत नाही. हॅशचेही तसेच. जप्तीच्या आधी घरात कोण शिरले होते, हा प्रश्न उरतोच आणि तो विचारण्याचा हक्क आरोपीला राहिलाच पाहिजे.

मग नवा डेटा संरक्षण कायदा आपले रक्षण करील काय? २०२३ साली तो संमत झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वाचायला बरे वाटते. पण तो दंड जातो सरकारच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती त्यातले काही येत नाही. उलट नागरिकाची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर त्यालाच १० हजारांपर्यंत दंड! सरकारला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याची मुभा आहेच. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ज) मध्ये बदल करून 'व्यक्तिगत माहिती' या नावाखाली अधिकाऱ्यांना कागद नाकारणे सोपे केले. सार्वजनिक हिताची वाट कलम ८(२) मध्ये अजून आहे, ती कार्यकर्त्यांनी सोडू नये. पण भिंत कोणाभोवती बांधली जाते आहे ते ओळखा. आपली माहिती झेरॉक्सच्या दुकानात उघडी आणि त्यांची माहिती तेरा फुटांच्या भिंतीआड!

काय करावे? संगणक फेकून देऊ नये. आपल्या पोरांनी तो शिकलाच पाहिजे, त्यात पुढे गेलेच पाहिजे. पण सावधपणे. झेरॉक्सच्या दुकानातून उठताना आपली फाइल पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनही पुसायला सांगा. चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे आधार द्या. ओटीपी मोठ्याने वाचू नका. अनोळखी ईमेलला जोडलेली फाइल उघडू नका आणि ओळखीच्याकडून आलेली असली तरी फोन करून विचारा. विल्सन यांना तो प्रोग्राम ओळखीच्याच नावाच्या ईमेलमधून आला होता, असे अहवाल सांगतो. संघटनेच्या सभासदांची यादी दहा जणांच्या फोनवर ठेवू नका. आणि कधी जप्तीची वेळ आलीच, तर पंचनाम्यावर हॅश व्हॅल्यू मागा, प्रत मागा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण झालेच पाहिजे, हे ठामपणे सांगा आणि नकार मिळाला तर तो लिहून घ्या. रेशनचा अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारले तर तेही लेखी मागा. मशीनचे तोंडी उत्तर मान्य करू नका.

शेवटी पुन्हा त्या अमेरिकन प्राध्यापकाकडे येतो. त्याच्या विनोदातले शेवटचे वाक्य, 'मला शंका आहेच', सरकारने गाळले. पण ते वाक्य आमच्या फौजदारी कायद्यात फार पूर्वीपासून लिहिलेले आहे. आम्ही वकील त्याला 'संशयाचा फायदा' म्हणतो आणि तो आरोपीला मिळतो. संगणक संपूर्ण सुरक्षित असू शकत नाही हे ज्यांनी संगणक घडवले तेच सांगत असतील, तर वीटभट्टीवर बोटे झिजवलेल्या म्हातारीला आणि वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडलेल्या कवीला तो फायदा का मिळू नये? तेरा फुटांची भिंत तुम्ही खुशाल बांधा. आमची शंका मात्र तिच्याआड गाडता येणार नाही.